चिकटवहीचा धंदा

चिकटवही हा शब्द आपण सर्वांनी शाळेत ऐकलेला असतो. फुले, पक्षी, राष्ट्रपुरुष, अन्नधान्याचे प्रकार कापायचे, चिकटवायचे आणि बाईंची लाल सही घ्यायची, एवढाच तिचा आपल्याशी संबंध. शाळा सुटली की ती रद्दीत जाते. अशी वही करायला शिकवून चार पैसे मिळवता येतात, हे आमच्या घरात आजही काही जणांना पटत नाही.

आम्ही नणंद-भावजय गेली काही वर्षे हेच काम करतो आहोत. मोबाईलच्या पडद्यावरून बायकांना आपल्या घराच्या आठवणींची वही कशी तयार करावी ते शिकवतो आणि त्याची फी घेतो. 'धंदा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. 'घरबसल्या काहीतरी करतात', 'वेळ छान जातो' असे लोक म्हणतात. त्यात कौतुक कमी आणि फी न देण्याची तयारी जास्त असते. हजरत खदीजा (रजि.) व्यापार करीत होत्या, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक जलशात ऐकू येते. मात्र घरातल्या बाईने हिशेबाची वही उघडली की तेच ऐकणारे कान टवकारतात.

या कलेचा बाजार अमेरिकेतला, हे आधी सांगितले पाहिजे. मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ साली आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. आजच्या स्वरूपाची सुरुवात मात्र यूटा राज्यातली. तिथल्या मॉर्मन पंथीयांत वंशावळी जपण्याला धार्मिक महत्त्व आहे. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत वंशावळींच्या नोंदींविषयी जागतिक परिषद झाली. तिथे मेरिएलन ख्रिस्टेन्सन या बाईंनी आपल्या कुटुंबाच्या आठवणींच्या वह्या मांडल्या. लोकांनी विचारपूस केली आणि पुढे त्यांनी आपल्या गावी या साहित्याचे दुकानच काढले. त्यातून कागद, कात्री, ठसे, मासिके, शिबिरे असा मोठा व्यवसाय उभा राहिला. २००० नंतर तिथे इंटरनेटवरून फी घेऊन वर्गही सुरू झाले.

पण ही वही आपल्याला अगदीच परकी आहे असे आम्हाला वाटत नाही. मोगलांच्या काळात 'मुरक्का' करीत असत. चित्रे, सुलेखनाची पाने, फुलांच्या नक्षीचे काठ एकत्र बांधून केलेला तो संग्रह. मुरक्का म्हणजे ठिगळे जोडून केलेले. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द आहे. शहजादा दारा शुकोहने आपली पत्नी नादिरा बेगम हिला भेट दिलेला मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते राजघराण्याचे झाले. साध्या घरांत बायकांची 'बयाज' असे. आवडलेली नात, एखादी दुआ, लग्नातले गाणे, खोकल्यावरचा काढा, कुणाच्या जन्माची तारीख, सगळे एकाच वहीत. आमच्या सोलापूरच्या नानीची अशी वही होती. अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत आणि हिशेब मात्र सगळा मराठी आकड्यांत. वर्गात पहिल्या दिवशी आम्ही हेच सांगतो, की तुम्ही अमेरिकेतून आलेली नवी हौस शिकायला आलेल्या नाहीत, तुमच्या नानीने अर्धी सोडलेली वही पुढे लिहायला बसला आहात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आमच्यातली एक चिपळूणजवळच्या गावात मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांसाठी तयार करीत होती. शिकवणी बंद पडली. दुसरी बी.कॉम. होऊन घरी होती. मुलांना मोबाईलवर चित्रकला शिकवता शिकवता त्यांच्या आया पडद्याच्या कडेला येऊन बसू लागल्या. जुने फोटो दाखवू लागल्या, 'हा अल्बम चिकटून गेलाय, काय करू?' असे विचारू लागल्या. त्या प्रश्नातून वर्ग निघाला. ऑक्टोबर २०२० मध्ये पहिली तुकडी सुरू झाली. अकरा बायका होत्या.

भांडवल भिशीचे. बँकेचे कर्ज काढायचे तर व्याजाचा प्रश्न, आणि आमच्यासारख्यांना ते देणार तरी कोण? मोहल्ल्यातल्या बारा जणींच्या भिशीत आमचा नंबर आधी लावून घेतला आणि त्यातून एक जुना लॅपटॉप, एक दिवा आणि कागद आणला. मोबाईल वरून खाली हातांकडे बघेल असा स्टँड बाजारात महाग होता. आम्ही पिठाचे दोन उंच डबे घेतले, त्यांवर फळी टाकली, फळीला भोक पाडले. तोच स्टँड पुष्कळ दिवस चालला.

याच स्टँडमुळे वर्गाला एक रूप आले. पडद्यावर फक्त हात दिसतात. शिकवणाऱ्यांचे हात आणि शिकणाऱ्यांचे हात. आमच्या कितीतरी विद्यार्थिनींना घरून परवानगी मिळाली ती या एका गोष्टीवर. 'चेहरा दाखवायचा नाही ना? मग बस.' काही शिकलेल्या मैत्रिणींनी आम्हाला टोकले, की तुम्ही पडद्यालाच खतपाणी घालता. आमचे उत्तर साधे होते. चेहरा दाखवायचा की नाही हे त्या बाईने ठरवावे. आम्हाला कागद कापायला शिकवायचे आहे आणि त्याला हात पुरतात. सहा आठवड्यांत आम्ही त्या बायकांना हातांवरून ओळखू लागतो. कुणाच्या बोटाला विळीची खूण, कुणाच्या नखांवर उतरत आलेली मेंदी, कुणाच्या मनगटावर एकच बांगडी.

वर्ग दुपारी तीनला असतो. जुहर आणि असर यांच्या मधला वेळ, स्वयंपाकघर आवरलेले, मुले शाळेत. कुवेतमध्ये तेव्हा साडेबारा वाजलेले असतात; तिथल्या आमच्या कोकणी भगिनी चुलीवर भात ठेवून बसतात. रमजानात आणि मे महिन्यात सुट्टी. फुकटची बैठक चाळीस मिनिटांनी बंद पडते, म्हणून सुरुवातीला आम्ही धडाच तसा बेतला. चाळीस मिनिटे काम, मग चहा, मग नवी लिंक. आता पैसे भरून सोय घेतली आहे, पण चहाची सुट्टी बायकांनी सोडू दिली नाही.

वर्ग मराठीतून चालतो. मुस्लिम बायका म्हटल्यावर हिंदीतच बोलावे लागेल, असे आम्हाला अनेकांनी सुचवले. पण चिपळूण, मिरज, सोलापूर, नांदेड इथल्या बायका एकत्र आल्या, की कोकणी बोलणारीला दखनी कळत नाही आणि दखनी बोलणारीला कोकणी. दोघींना समजते ती मराठी.

फी सहा आठवड्यांची नऊशे रुपये. साहित्य टपालाने हवे असेल तर साडेतीनशे वेगळे. एका तुकडीत अठरा जणी आणि वर्षात सहा तुकड्या. पोस्टाचा खर्च, इंटरनेट, प्रत्येक तुकडीतल्या एक-दोन बिनफीच्या जागा वजा जाता दोघींना मिळून महिन्याला पाच-सहा हजार सुटतात. यातून कोठी बांधून होत नाही. पण मुलाची फी भरताना कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. २०२० च्या जुलैत सुरू झालेली उद्यम नोंदणी आम्ही केली. ती फुकट होते आणि आधार कार्डावर होते. त्या प्रमाणपत्रावर आमची नावे छापून आली तेव्हा सासूबाईंनी ते दोनदा वाचायला लावले. घरात शेतीचे, घराचे, दुकानाचे सगळे कागद होते. धंद्याच्या कागदावर बाईचे नाव पहिल्यांदाच आले होते.

आमचा खरा माल म्हणजे कागदाची समज. वृत्तपत्राचा कागद उन्हात पिवळा का पडतो? लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते हवा आणि उजेड लागून तपकिरी होते आणि कागदात आम्ल वाढून तो ठिसूळ होतो. म्हणून फोटोखाली तो कागद घालू नये. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. फेव्हिकॉल वाळला की पुन्हा निघत नाही. लग्नाच्या फोटोंचे ते चिकट पानांचे, वरून प्लास्टिक ओढायचे अल्बम, जे १९८० च्या सुमारास घरोघरी आले, ते फोटोंचे सर्वांत मोठे शत्रू. त्यातला चिकटा फोटोला धरून बसतो. त्यापेक्षा आजोबांच्या काळातला काळ्या पानांचा, चार कोपरे लावायचा अल्बम शहाणा होता. जुना कृष्णधवल फोटो नीट धुतलेला असेल तर टिकतो. आखाती देशांतून आलेले रंगीत फोटो मात्र लालसर होत गेले, कारण त्या काळच्या रंगांतला निळसर-हिरवा आधी उडाला. आणि निकाहनामा लॅमिनेट करून आणणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही सांगतो, की आता तो कागद प्लास्टिकपासून सुटणार नाही. बाकीचे तरी वाचवा.

चिकटवायला आम्ही खळ शिकवतो. गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक निघतो तो निवळू द्यायचा, वरचे पाणी काढायचे, उरलेले सत्त्व वाळवून ठेवायचे आणि लागेल तेव्हा थोडे पाण्यात शिजवायचे. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत जुने कागद दुरुस्त करायला गव्हाच्या सत्त्वाचीच खळ वापरतात. पाणी लावले की ती पुन्हा सुटते, हाच तिचा गुण. कुरडया करणाऱ्या बाईला यात शिकवण्यासारखे काही उरत नाही. हे ऐकून वर्गात जे हसू फुटते, ते आम्हाला फार आवडते.

कागद शक्यतो सुती चिंध्यांचा हातकागद. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधल्या कागजीपुऱ्यात आपल्याच कागजी बिरादरीने पिढ्यान्‌पिढ्या तो केला. जुन्नरच्या कागजींचा कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला गेला. आपल्या समाजाने महाराष्ट्राला काय दिले, अशी चर्चा निघते तेव्हा आम्ही मोठी नावे घेतो. ज्यावर सगळे लिहिले गेले तो कागद कुणी केला, हे सांगायचे राहून जाते.

आता सर्वांत नाजूक भाग. तसवीर जायज की नाजायज हा वाद आमच्या वर्गात दर तुकडीला येतो. आम्ही मौलवी नाही, म्हणून फतवा देत नाही. ज्या घरांत फोटो ठेवत नाहीत, त्या घरांतल्या बायकांसाठी आम्ही बिनचेहऱ्याची वही शिकवतो. त्यात काय काय येते! अब्बांच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांची प्रत, सौदीहून आलेल्या पत्राची पाकिटे, दादीच्या ओढणीचा तुकडा, हजहून आणलेल्या खजुरांच्या डब्यावरचे चित्र, सेवया किती पाण्यात शिजवायच्या ते अम्मीच्या अक्षरात, बाळाच्या हाताचा मेंदीतला ठसा. आम्हाला प्रामाणिकपणे वाटते, की या वह्या फोटोंच्या वह्यांपेक्षा जास्त बोलतात. फोटो असला की माणूस एक ओळ लिहून थांबतो. फोटो नसला की त्याला आठवावे लागते.

फोटोंची दुसरी भीती धर्माची नव्हती. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये बोलत्या-लिहित्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी अ‍ॅप्स निघाली. दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांनी अटका केल्या. पण त्या आठवड्यात आमच्या गटातून पाच जणी बाहेर पडल्या. एकीने फक्त एवढेच लिहिले, 'आपा, माझ्या मुलीचा फोटो तुमच्याकडे असेल तर पुसून टाका.' तिला काय समजावणार? तिची भीती खरी होती.

आम्ही नियम केला. विद्यार्थिनीने फोटो पाठवायचा नाही. पान दाखवताना चेहऱ्यांवर कागदाच्या पट्ट्या ठेवायच्या. वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण नाही. तुकडी संपली की गटातले सर्व चित्र पुसायचे. या नियमाची किंमत आम्ही रोज मोजतो. या धंद्यातला नफा एकदा मुद्रित केलेला धडा हजार वेळा विकण्यात आहे आणि जाहिरात विद्यार्थ्यांच्या सुंदर पानांची करायची असते. आमच्याकडे विकायला मुद्रित धडे थोडे, तेही फक्त कागद आणि खळीचे. आणि दाखवायला पट्ट्या लावलेली पाने. एका शहरातल्या वर्गाने आमचा खळीचा धडा उचलून आपल्या नावावर लावला, तोही आम्ही सोडून दिला. पण पट्टीचा नियम सोडलेला नाही. ज्या पाच जणी गेल्या, त्यांतल्या तिघी पुढच्या वर्षी परत आल्या आणि आपल्या जावांना घेऊन आल्या.

कागदपत्रांचा विषय असाच न बोलावता आला. ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली, आणि डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर झाला. त्या हिवाळ्यात आपल्या घरांत ट्रंका उघडल्या गेल्या. दादाचा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, मोडीतले खरेदीखत, जुने रेशनकार्ड. एकाच माणसाचे नाव एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर नुसतेच मो. आमच्या पहिल्या तुकडीतल्या बायका हे कागद घेऊनच आल्या. 'वहीत हेच लावायचे,' म्हणाल्या. आम्ही अस्सल कागद चिकटवू देत नाही. त्याची प्रत वहीत लावायची आणि अस्सल सुती कापडात, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच. पण एक गोष्ट आम्ही पाहिली. भीतीने बाहेर काढलेला तो दाखला बाई वहीत लावते, त्याच्या शेजारी दादा शाळेत कसे जात, नदी उतरून कसे जात, ते लिहिते, तेव्हा पुरावा म्हणून आणलेल्या कागदाला पुन्हा माणूस मिळतो.

'जमिनीपासून उंच' ही सूचना आम्ही सुरुवातीपासून देत होतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि पहिल्या मजल्याची उंचीही काही ठिकाणी पुरली नाही. २००५ चा पूर पाहिलेल्या माणसांनीही असे पाणी पाहिले नव्हते. आमचे गाव चढावर, आम्ही वाचलो. नातेवाईक गाळात होते. पाणी ओसरल्यावर आधी घर धुणे, अन्न, औषध. फोटोंचे नाव कोण काढणार? पण चौथ्या दिवशी नेटवर्क आले आणि पहिला निरोप होता, 'अल्बमचा गोळा झालाय, फेकू का?' आम्ही आवाजी निरोप करून सगळीकडे पाठवला. फेकू नका. ओढून सुटे करू नका. स्वच्छ थंड पाण्यात बुडवा, आपोआप सुटतील तेवढे सोडवा, चिखल बोटाने न घासता पाण्याने जाऊ द्या, चेहरा वर करून कोऱ्या कागदावर किंवा सुती कापडावर सावलीत वाळवा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट राहू द्या. दोन दिवसांत जमणार नसेल तर पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. ज्यांचा फ्रीजच वाहून गेला होता, त्यांचे गोळे आम्ही गावातल्या फ्रीजांत आणून ठेवले. मासळीच्या शेजारी कुणाचे निकाह, कुणाची बिस्मिल्ला, कुणाचा विमानतळावरचा निरोप गोठून पडला होता. सगळे वाचले नाहीत. जे वाचले त्यांच्या कडा गेल्या, काहींवर गाळाची रेघ राहिली. ती रेघ आम्ही झाकायला शिकवत नाही. तिच्याखाली तारीख लिहायला सांगतो.

एवढे सगळे शिकवतो, पण सर्वांत अवघड धडा पहिल्या पानाचा असतो. पहिल्या पानावर आम्ही नावे मागतो. तुमचे, तुमच्या आईचे, आईच्या आईचे, तिच्या आईचे. चौथ्या नावापाशी वर्ग थांबतो. घरात शजरा असतो, सात पिढ्यांचा असतो, कुणी कुणी तो हौसेने चौकटीत लावलेला असतो, पण त्यात बायका नसतात. अमक्याची आई, तमक्याची बायको, 'मिरजवाली', 'बडी अम्मा'. नाव कुणी विचारलेच नाही. आमच्या फीच्या नोंदीतही तेच होते. पैसे येतात ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यातून, आणि ते कुणाचे हे शोधायला आम्हाला हातांच्या खुणा आठवाव्या लागतात. म्हणून आमच्या नोंदवहीत पहिला रकाना विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नावाचा आहे, पैसे कुणाच्याही खात्यातून येवोत.

चौथे नाव शोधायला एक आठवडा मिळतो. त्या आठवड्यात कोकणातून सोलापूरला, सोलापूरहून कराचीला, कुवेतहून गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या खालाला फोन जातात. अनेकींना नाव मिळत नाही. त्या ओळ रिकामी सोडतात, आम्ही ती भरून टाका असे म्हणत नाही. पण ज्यांना मिळते, त्या पुढच्या वर्गात ते मोठ्याने सांगतात. फातमा, हलीमा, जैबून, सकीना. पडद्यावर फक्त हात असतात, ते थांबलेले असतात, आणि अठरा घरांत एक नाव ऐकू जाते, जे कदाचित पन्नास वर्षांत कुणी उच्चारलेले नसते. मग त्या बायका पेन्सिल उचलतात आणि लिहितात.